अणू, कलन आणि निर्देशक भूमिती: गणितांच्या सरावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरावी-बारावीच्या मुलांना मी भौतिकशास्त्र आणि गणित शिकवते. जूनपासून परीक्षेपर्यंत तेच ते प्रश्न येतात, कधी मुलांकडून, कधी पालकांकडून. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. अज्ञात राशींना क्ष आणि य, कक्षेच्या क्रमांकाला न म्हटलं आहे. तुमच्या पुस्तकात तिथे इंग्रजी अक्षरं असतील. ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये आहे, त्याला सगळीकडे इव्ही लिहिलं आहे.

अणूची संरचना एका पुस्तकात, डेरिव्हेटिव्ह दुसऱ्यात, रेषा आणि वर्तुळं अकरावीत. मग सराव एकत्र कशासाठी?

तिन्ही ठिकाणी मुलं एकाच जागी अडतात म्हणून. प्रश्न वाचला की हात थेट सूत्राकडे जातो. आकृती काढलेली नसते आणि उत्तर साधारण केवढं यायला हवं याचा विचारही झालेला नसतो. माझ्या वर्गात प्रत्येक गणिताच्या डाव्या समासात आधी 'अंदाज' लिहायचा असतो: उत्तर धन की ऋण, एकाहून मोठं की लहान, दृश्य प्रकाशातलं की अतिनील. मग आकृती, मग सूत्र. अणूची आकृती म्हणजे ऊर्जेच्या पातळ्या, कलनाची (कॅल्क्युलसची) आकृती म्हणजे वक्र आणि त्याला टेकलेली रेषा, स्पर्शिका, आणि निर्देशक भूमितीत तर आकृती हाच विषय. एका विषयात ही सवय लागली की दुसऱ्यात आपोआप येते. पुढे दिसेल की ही प्रकरणं एकमेकांत खरोखरच गुंतलेलीही आहेत.

सोडवलेलं उदाहरण वाचताना सगळं कळतं, पण वही उघडली की पेन हलत नाही. काय चुकतं?

वाचताना पुढची पायरी कोणती, हे पुस्तकाने ठरवलेलं असतं. तुम्ही फक्त मान डोलावता. परीक्षेत नेमकं तेच ठरवायचं असतं आणि त्याचा सराव झालेलाच नसतो. म्हणून सोडवलेल्या उदाहरणाचा फक्त प्रश्न वाचा आणि खालचं सगळं कागदाने झाका. पाच-सात मिनिटं झटा. अडलं तर एकच ओळ उघडा, पुन्हा झाका, पुढे जा. गणित पुरं झालं की तारीख टाका आणि तीन-चार दिवसांनी तेच गणित कोऱ्या पानावर पहिल्यापासून करा. दुसऱ्या वेळी जिथे अडाल ती तुमची खरी अडचण. पहिल्या वेळच्या अडचणी बऱ्याचदा नुसत्या अनोळखीपणाच्या असतात.

अणूच्या प्रकरणाचा सराव कुठून सुरू करावा?

बामरपासून. योहान बामर हे स्वित्झर्लंडमधल्या बाझल गावी मुलींच्या शाळेत शिकवणारे गणिताचे शिक्षक. १८८५ साली, वयाच्या साठीत, त्यांनी हायड्रोजनच्या वर्णपटातल्या चार प्रकाशरेषांच्या तरंगलांबी घेतल्या: ६५६.३, ४८६.१, ४३४.० आणि ४१०.२ नॅनोमीटर. अणुकेंद्रक तेव्हा कोणाला माहीत नव्हतं, इलेक्ट्रॉनचा शोधही लागायचा होता. हातात फक्त चार आकडे.

तुम्हीही तेच करा. प्रत्येक आकड्याला ३६४.५६ ने भागा. जवळपास ९/५, ४/३, २५/२१ आणि ९/८ मिळतील. आता दुसऱ्या अपूर्णांकाचा अंश-छेद ४ ने आणि चौथ्याचाही ४ ने गुणा: ९/५, १६/१२, २५/२१, ३६/३२. वर ३, ४, ५, ६ यांचे वर्ग, खाली त्याच वर्गांतून ४ वजा. सूत्र तुमच्यासमोर उभं राहिलं. २८ वर्षांनी, १९१३ साली, नील्स बोर यांनी ते कक्षांच्या कल्पनेतून सिद्ध करून दाखवलं, आणि तो वजा होणारा ४ म्हणजे दुसऱ्या कक्षेच्या क्रमांकाचा वर्ग हे कळलं.

हा अर्धा तास मी कधी वगळत नाही. ज्या मुलांनी हे अपूर्णांक हाताने काढले त्यांना सूत्रात १/२² आधी की १/न² आधी, असा गोंधळ पुढे होत नाही.

कोणते आकडे पाठ हवेत?

फार थोडे. हायड्रोजनच्या पहिल्या चार पातळ्या: −१३.६, −३.४, −१.५१, −०.८५ इव्ही. पहिल्या कक्षेची त्रिज्या ०.५३ अँगस्ट्रॉम. आणि सगळ्यांत उपयोगी आकडा १२४०: १२४० ला फोटॉनच्या (प्रकाशकणाच्या) इव्हीतल्या ऊर्जेने भागलं की तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मिळते. चौथ्या पातळीवरून दुसरीवर उडी म्हणजे ३.४ − ०.८५ = २.५५ इव्ही, म्हणून तरंगलांबी सुमारे ४८६ नॅनोमीटर, निळसर हिरवी. प्लांकचा स्थिरांक, प्रकाशाचा वेग, इलेक्ट्रॉनचा प्रभार असं सगळं घालून हेच उत्तर यायला पाऊण पान लागतं आणि वाटेत दहाच्या घातांकात एक तरी चूक होते.

दृश्य प्रकाशाच्या फोटॉनची ऊर्जा साधारण १.८ ते ३.१ इव्ही असते, हेही लक्षात ठेवा. बामर मालिकेची, म्हणजे दुसऱ्या पातळीवर उतरणाऱ्या उड्यांतली, लाल रेषा विचारली आणि उत्तर ५ इव्ही आलं, तर पुढे न जाता मागे वळा.

ऊर्जा ऋण कशी असू शकते? उणे चिन्हाने दर वेळी घोळ होतो.

बारव डोळ्यांसमोर आणा. काठ म्हणजे शून्य. काठाबाहेर इलेक्ट्रॉन मोकळा, आत असला तर शून्याच्या खाली. सगळ्यांत खोल पायरी १३.६ खाली, पुढची ३.४ खाली, आणि काठाकडे येता येता पायऱ्या दाट होत जातात. पहिल्या पायरीवरून बाहेर यायला १३.६ इव्ही द्यावे लागतात, दुसरीवरून ३.४. वरून खाली उतरला तर फरकाएवढी ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. ही बारव वहीत काढलीत की चिन्ह पाठ करावं लागत नाही.

गतिज आणि स्थितिज ऊर्जेचा प्रश्न हमखास येतो. दुसऱ्या कक्षेत एकूण −३.४, तर गतिज +३.४ आणि स्थितिज −६.८. गतिज ऊर्जा ऋण आली तर गणित तिथेच थांबवा, ती कधीच ऋण नसते.

चौथ्या पातळीवरून किती रेषा मिळतात? एका पुस्तकात ६, दुसरीकडे ३.

दोन्ही बरोबर, प्रश्न वेगळे आहेत. पुष्कळ अणू चौथ्या पातळीवर असतील तर कोणी ४ वरून ३ वर, कोणी ४ वरून थेट १ वर, असे सगळे मार्ग वापरले जातात: न(न−१)/२ म्हणजे ६ वेगवेगळ्या रेषा. एकच अणू असेल तर तो जास्तीत जास्त ४→३→२→१ असा उतरेल, म्हणजे ३ फोटॉन. 'एक अणू' हे दोन शब्द प्रश्नात अधोरेखित करा.

असाच दुसरा सापळा १२.५ इव्हीचा. तेवढ्या ऊर्जेचा फोटॉन पहिल्या पातळीवरच्या हायड्रोजनवर पडला तर शोषला जात नाही, कारण तिसरीवर जायला १२.०९ लागतात आणि चौथीवर १२.७५, मध्ये पायरी नाही आणि फोटॉन अर्धवट शोषला जात नाही. तेवढ्याच ऊर्जेचा इलेक्ट्रॉन आदळला तर तो १२.०९ देऊन उरलेले घेऊन निघून जाऊ शकतो. मग तीन रेषा दिसतात: सुमारे १०३, १२२ आणि ६५६ नॅनोमीटर.

वक्राची स्पर्शिका काढताना डेरिव्हेटिव्ह बरोबर येतो, उत्तर मात्र चुकतं.

दिलेला बिंदू वक्रावर आहे की नाही, हे पाहिलेलं नसतं. दरवर्षी निम्मा वर्ग इथे चुकतो, म्हणून जरा सविस्तर.

वक्र य = क्ष². बिंदू (१, −३) मधून जाणाऱ्या स्पर्शिका काढा. घाईत मुलं डेरिव्हेटिव्ह, म्हणजे वक्राचा चढ, २क्ष काढतात, क्ष = १ घालून चढ २ घेतात आणि य + ३ = २(क्ष − १) म्हणजे य = २क्ष − ५ लिहून मोकळी होतात. आता आकृती काढा. हा वक्र म्हणजे अन्वस्त (पॅराबोला), ते आरंभबिंदूपासून वर उघडलं आहे आणि (१, −३) त्याच्या बराच खाली आहे. काढलेली रेषा वक्राला कुठे भेटते ते पाहा: क्ष² − २क्ष + ५ = ०, विवेचक ४ − २० = −१६. ती रेषा वक्राला कुठेही शिवत नाही.

बरोबर रीत अशी. स्पर्शबिंदू अजून माहीत नाही, त्याला (ट, ट²) म्हणा. तिथला चढ २ट, स्पर्शिका य = २टक्ष − ट². ती (१, −३) मधून जाते, म्हणून −३ = २ट − ट², म्हणजे ट² − २ट − ३ = ०, ट = ३ किंवा −१. दोन स्पर्शिका: य = ६क्ष − ९ आणि य = −२क्ष − १. आकृतीत बाहेरच्या बिंदूतून दोन रेषा वक्राला टेकताना दिसतात, म्हणून 'उत्तरं दोन' हे समासात आधीच लिहिता येतं. एकच उत्तर आलं तर काहीतरी सुटलं आहे.

लिमिट नीट समजल्याशिवाय डेरिव्हेटिव्ह सुरू करू नये का?

करा. चढ म्हणजे काय हे दहावीत झालं आहे. वक्रावरचे दोन बिंदू जवळ जवळ आणत त्यांना जोडणाऱ्या रेषेचा चढ आकड्यांत काढा: य = क्ष² वर १ आणि १.१ मधला चढ २.१, १ आणि १.०१ मधला २.०१. २ कडे चाललेला हा आकडा दिसला की लिमिटची व्याख्या नंतर सोपी जाते. एक मात्र सांभाळा: कोन रेडियनमध्ये नसेल तर साइन क्ष भागिले क्ष याची सीमा १ येत नाही, पाय भागिले १८० येते.

इंटिग्रेशनची सूत्रं किती पाठ करावीत?

पुस्तकातली सगळी. इथे पाठांतराला पर्याय नाही, आणि उत्तराचा डेरिव्हेटिव्ह घेऊन ताळा करायचा. क्षेत्रफळाच्या गणितात मात्र आकृती हवीच. साइनच्या वक्राचं ० ते २ पाय इंटिग्रल शून्य येतं, पण वक्र आणि अक्ष यांच्यामधलं क्षेत्रफळ ४ आहे, कारण अर्धा भाग अक्षाखाली जातो.

शाब्दिक गणितं पाहिली की भीती वाटते.

आधी अंदाजाने एक उत्तर काढून पाहा. शेताची एक बाजू कालव्याला लागून आहे, उरलेल्या तीन बाजूंना १२० मीटर कुंपण घालायचं, आयताचं क्षेत्रफळ जास्तीत जास्त हवं. पहिला विचार चौरसाचा: ४० गुणिले ४०, १६०० चौरस मीटर. आता रुंदी क्ष, लांबी १२० − २क्ष, क्षेत्रफळ १२०क्ष − २क्ष². डेरिव्हेटिव्ह शून्य केला की क्ष = ३०, लांबी ६०, क्षेत्रफळ १८००. चौरसापेक्षा २०० जास्त. अंदाज चुकला तरी तो केला होता म्हणून १८०० वर विश्वास बसतो.

कलन अणूमध्ये खरंच लागतं का? बोरच्या गणितांत तर नुसता गुणाकार-भागाकार आहे.

लागतं, आणि हे माझं सगळ्यांत आवडतं गणित आहे. इलेक्ट्रॉन केंद्रकाजवळ गेला की स्थितिज ऊर्जा कमी होते. मग तो केंद्रकात पडून का जात नाही? कारण त्याला लहान जागेत कोंडलं की अनिश्चिततेच्या तत्त्वानुसार त्याचा संवेग (वस्तुमान गुणिले वेग) वाढतो आणि गतिज ऊर्जा चढते. अंतर र अँगस्ट्रॉममध्ये घेतलं तर एकूण ऊर्जा इव्हीमध्ये साधारण अशी लिहिता येते:

ऊर्जा = ३.८१/र² − १४.४/र

पहिला भाग कोंडण्याची किंमत, दुसरा केंद्रकाचं आकर्षण. सोडवण्याआधी वक्र काढा. र फार लहान असताना पहिला भाग जिंकतो आणि वक्र आकाशाला भिडतो. र फार मोठा असताना दुसरा भाग जिंकतो आणि वक्र शून्याकडे खालून येतो. म्हणजे मध्ये कुठेतरी तळ असलाच पाहिजे, आणि तो शून्याखाली असला पाहिजे. समासात एवढं लिहा.

आता डेरिव्हेटिव्ह: −७.६२/र³ + १४.४/र². शून्य केला की र = ७.६२ भागिले १४.४ = ०.५२९ अँगस्ट्रॉम. तो मूळ समीकरणात घाला: १३.६ − २७.२ = −१३.६ इव्ही.

पहिल्या कक्षेची त्रिज्या आणि पहिल्या पातळीची ऊर्जा, दोन्ही एका किमान मूल्याच्या गणितातून निघाले. गतिज ऊर्जा १३.६ आणि स्थितिज −२७.२ हेही तिथेच दिसतं. ही काटेकोर सिद्धता नव्हे. संवेगाचा अंदाज सोयीचा घेतला म्हणून आकडा इतका तंतोतंत जुळतो. पण अणूला आकार का असतो याचं कारण त्या वक्राच्या तळाशी आहे, आणि तो तळ बारावीच्या कलनाने सापडतो. हे फळ्यावर पहिल्यांदा मांडलं तेव्हा वर्ग काही क्षण अगदी गप्प होता.

आणि अपास्त (हायपरबोला)? तो वक्र कुठे भेटतो?

रदरफर्डच्या प्रयोगात. १९०९ साली गायगर आणि मार्सडेन यांनी सोन्याच्या पातळ वर्खावर अल्फा कण (हेलियमची धन प्रभाराची केंद्रकं) सोडले. बहुतेक सरळ गेले, थोडे मोठ्या कोनातून वळले, आणि १९११ मध्ये रदरफर्ड यांनी त्यातून अणुकेंद्रकाची कल्पना मांडली. केंद्रकाजवळून जाणाऱ्या अल्फा कणाचा मार्ग अपास्ताची एक शाखा असतो. दोन्ही प्रभारांत प्रतिकर्षण असल्यामुळे केंद्रक त्या शाखेच्या बाहेरच्या बाजूच्या नाभीवर बसतं. वक्र ज्या रेषेच्या जवळ जवळ जातो पण तिला टेकत नाही ती अनंतस्पर्शी. कण एका अनंतस्पर्शीवरून येतो, दुसऱ्या अनंतस्पर्शीवरून जातो. या दोन रेषांनी ठरणारा वळणाचा कोन म्हणजे विकिरणाचा कोन. अकरावीत अनंतस्पर्शींची समीकरणं लिहिताना हे कोणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

कण समोरासमोर आला तर गणित सोपं होतं: सगळी गतिज ऊर्जा स्थितिज होते. ७.७ दशलक्ष इव्हीचा अल्फा कण सोन्याच्या केंद्रकापासून सुमारे ३० फेम्टोमीटरवर थांबतो आणि परत फिरतो.

कॅल्क्युलेटर नाही, लॉग टेबलात वेळ जातो.

बोर्डाच्या परीक्षेत लॉग टेबल चालतं, कॅल्क्युलेटर नाही, म्हणून घरीही कॅल्क्युलेटर दूर ठेवा. पण लॉग लागणारच नाही असं गणित मांडायला आधी शिका. लायमन (पहिल्या पातळीवर उतरणारी) आणि बामर मालिकांच्या पहिल्या रेषांच्या तरंगलांबींचं गुणोत्तर विचारलं, तर सूत्रात बाहेर गुणला जाणारा रिडबर्गचा स्थिरांक, म्हणजे दर मीटरला सुमारे १,०९,७०,०००, दोन्हीकडे आहे आणि उडून जातो. उरतात ४/३ आणि ३६/५. उत्तर ५/२७.

दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता सगळं इंग्रजीत. गणित येतं पण प्रश्न कळत नाही.

ही अडचण खरी आहे आणि ती दोन-तीन महिन्यांची आहे. वहीच्या शेवटच्या पानावर जोड्या लिहा: चढ म्हणजे स्लोप, स्पर्शिका म्हणजे टँजंट, अन्वस्त म्हणजे पॅराबोला, लंबवर्तुळ म्हणजे एलिप्स, अपास्त म्हणजे हायपरबोला, नाभी म्हणजे फोकस, तरंगलांबी म्हणजे वेव्हलेंग्थ. प्रश्न इंग्रजीत वाचा, मनात मराठीत सांगा, आकृती काढा. आकृतीला भाषा लागत नाही. मराठी शब्द सोडून देऊ नका. 'स्पर्शिका' या शब्दातच ती काय करते हे सांगितलेलं आहे.

बोर्ड, सीईटी आणि जेईई यांचा सराव वेगवेगळा करायचा का?

डिसेंबरपर्यंत नाही. नंतर फरक पडतो तो वेळेचा आणि गुणांचा. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, प्रत्येकी २ गुण. भौतिक आणि रसायन मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. जेईई मेनमध्ये बरोबरला ४ आणि चुकीला १ वजा. म्हणून सीईटीत एकही प्रश्न कोरा सोडू नका, आणि जेईईत समासातल्या अंदाजाशी न जुळणारं उत्तर खूण करू नका.

दिवसाला किती गणितं? मुलगा म्हणतो, शंभर करतो. (एका आईचा प्रश्न)

ताई, शंभर एकसारखी गणितं केली तर पहिली दहा सोडून बाकीची हात करतो, डोकं नाही. मी बारा-पंधरा सांगते, पण मिसळलेली: दोन अणूची, तीन स्पर्शिकेची, दोन इंटिग्रेशनची, मग पुन्हा एक अणूचं. प्रकरणाचं नाव वर लिहिलेलं नसलं की कोणती रीत लावायची हे मुलाला स्वतः ठरवावं लागतं. पहिले काही दिवस गुण कमी पडतील. त्याला रागावू नका.

चुकांची वही खरंच लागते?

लागते, पण तिच्यात सबंध गणित उतरवू नका. चूक एका ओळीत: 'बिंदू वक्रावर आहे का पाहिलं नाही', 'उरलेले विचारले की क्षय झालेले ते वाचलं नाही'. रविवारी ती पानं वाचा.

मोबाइलवर फोटो काढला की उत्तर मिळतं. वापरावं का?

स्वतःचं उत्तर लिहून झाल्यावर, पडताळ्यासाठी. आधी नको.

सरावासाठी काही गणितं द्याल?

ही घ्या. प्रत्येकाच्या समासात अंदाज आधी.

१. हेलियमच्या एकदा आयनीभूत अणूत दुसऱ्या पातळीवरून पहिलीवर उडी: ऊर्जा आणि तरंगलांबी?
२. (०, −४) मधून य = क्ष² ला स्पर्शिका; त्यांच्यामधल्या लघुकोनाचा टॅन?
३. क्ष² + य² = २५ या वर्तुळाला (३, ४) पाशी स्पर्शिका; ती अक्षांसह करते त्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ?
४. आयोडीन-१३१ चा अर्धायुकाल सुमारे ८ दिवस. २४ दिवसांत किती भागाचा क्षय होईल?
५. त्याच क्षयाच्या वक्राला सुरुवातीच्या क्षणी स्पर्शिका काढली, तर ती वेळेच्या अक्षाला कुठे छेदते? मग दुसऱ्या कोणत्याही क्षणी काढून पाहा.
६. वरच्या ऊर्जेच्या वक्रात १४.४ ऐवजी २८.८ घाला. तळ कुठे?

उत्तरं: १) ४०.८ इव्ही, सुमारे ३०.४ नॅनोमीटर. २) य = ४क्ष − ४ आणि य = −४क्ष − ४; ८/१५. ३) ३क्ष + ४य = २५; ६२५/२४. ४) ७/८. ५) सुमारे ११.५ दिवसांवर, म्हणजे सरासरी आयुर्मानावर. आणि कोणत्याही क्षणी काढली तरी त्या क्षणापासून तेवढ्याच अंतरावर. ६) ०.२६५ अँगस्ट्रॉम, −५४.४ इव्ही, हे उत्तर पहिल्या गणिताशी ताडून पाहा.